रिकाम्या खुर्चीचा नंबर

१

आमच्या गल्लीत पाणी आलं नाही तर लोक सरकारला शिव्या घालतात, आणि इंटरनेट आलं नाही तर मला. मी सोराइदा. क्युबातल्या हिबारा गावच्या सरकारी संगणक क्लबात उभा जन्म शिकवण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा क्लबाने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मला भेट दिला, सोबत त्याची लोखंडी खुर्चीही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्या कॉम्प्युटरचं अर्धं पोट खाल्लंय. त्याचं झाकण मी काढूनच ठेवलंय, आतला पंखा तांब्याच्या तारेने आवळून बांधलाय. कुरकुरतो, तापतो, पण चालतो. माझंही तेच आहे.

आता आमची गंमत अशी की क्युबा म्हटलं की बाहेरच्या अर्ध्या साइट दार लावून घेतात. ‘ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही.’ उरलेल्यांतली काही दारं आतूनच बंद असतात, त्यावर मी बोलत नाही, भिंतींना कान असतात. म्हणून इथे घरोघरी व्हीपीएन लागतं. आपलं बोलणं आधी दुसऱ्या देशातल्या एका यंत्राकडे जातं, तिथून पुढे. पुढच्याला वाटतं, आपण तिथलेच.

मी वापरते तो प्रोग्राम फुकट आहे. कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलाय, आणि आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, सुधारावं, अशी मोकळीक आहे. त्याच्या बटणांवरचं स्पॅनिश माझं. आधी कुणीतरी केलं होतं, ते वाचून वाटायचं की यंत्र तापात बरळतंय. मी नीट करून पाठवलं, त्यांनी घेतलं. प्रोग्राम उघडला की जगाचा नकाशा येतो. देश निवडायचा, मोठं लाल बटण दाबायचं. ते हिरवं झालं की आमची गल्ली त्या देशात. खाली दोन छोटे बाण आहेत, शेजारी आकडे. वर जाणारा बाण हलला म्हणजे आपण काही पाठवतोय, खाली येणारा हलला म्हणजे तिकडून काही येतंय. शेजारच्या म्हाताऱ्या दुल्सेलासुद्धा कळतं, आणि दुल्सेला मिक्सर कळत नाही.

घोटाळा एकच होतो, आणि तो आमच्याकडेच होऊ शकतो. काम झालं की बटण बंद करायला लोक विसरतात. मग आपल्याच देशातल्या साइट आपल्याला परके समजतात. एवेलिओ न्हाव्याने असंच चालू ठेवून गॅसचा सिलिंडर नोंदवायला घेतला, तर उत्तर आलं, ‘परदेशातून नोंदणी होत नाही.’ तो गल्लीभर सांगत सुटला, “निघालो एकदाचा. व्हिसा नाही, विमान नाही, सोराइदाच्या खुर्चीवर बसल्या बसल्या निघालो.” बायको म्हणाली, “मग जेवायला तिकडेच बस.”

२

वीज असेल त्या दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत जत्रा भरते. कुणाचा भाऊ टँपाला, कुणाची सून माद्रिदला. सगळ्यांना चेहरा बघायचा असतो, आणि मोबाईलवर चेहऱ्याच्या ठिकऱ्या होतात.

रांग म्हणजे आमच्याकडे एकामागे एक उभं राहणं नव्हे. दारातून आत आलं की विचारायचं, “शेवटचं कोण?” जो शेवटचा असेल तो म्हणतो, “मी.” झालं. त्या माणसानंतर आपला नंबर. मग हवं तिथे बसा, गप्पा मारा, घरी जाऊन भात टाकून या. आपल्या पुढचा माणूस तेवढा लक्षात ठेवायचा. आमचा देश एवढ्याच गोष्टीवर चालतो, बाकी कशावर चालतो ते मला अजून कळलेलं नाही. घर माझं, यंत्र माझं, तरी मीसुद्धा नंबर लावते. मीच मोडला तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू?

त्या दुपारी मी आत कॉफी करत होते. बाहेरच्या खोलीत एवेलिओ एकटाच, कानांना हेडफोन लावून भावाशी बोलत. दुल्से आली. “शेवटचं कोण?” असं तिने विचारलेलं मला आत ऐकू आलं. मी कप घेऊन बाहेर आले तोवर एवेलिओचं झालं होतं, आणि दुल्से पंख्याने वारा घेत बसली होती.

“ऊठ की दुल्से, खुर्ची रिकामी आहे.”

“माझा नंबर नाही अजून. माझ्या पुढे ती बाई आहे.”

“कुठली बाई?”

“मी विचारलं तेव्हा ‘मी’ म्हणाली ती. डोळ्यांचं तुला माहीत आहे, चेहरा नाही दिसला. पण आवाज बाईचा होता.”

एवेलिओ हसायला लागला. “मी होतो गं. पण तुला उत्तर मी दिलं नाही, आणि मी बाई तर नक्कीच नाही.”

“तू गप,” दुल्से म्हणाली. “मी कुणाच्या पुढे घुसणार नाही.”

म्हातारीचा हट्ट. म्हटलं, बसू दे. कॉफी प्यायलो. खोलीत पंख्याची घरघर, खिडकीच्या लाकडी पट्ट्यांमागे समुद्र. सहज माझी नजर पडद्यावर गेली. बटण हिरवं होतं. वरचा बाण हलत होता. खुर्ची रिकामी, बोलणारं कुणी नाही, आणि वरचा बाण हलत होता. कुणी बोलावं, थांबावं, पुन्हा बोलावं, तसा. खालचा बाण शून्यावर होता.

थोड्या वेळाने वरचा थांबला. खुर्चीचा पाय किरकिरला. “झालं तिचं,” म्हणून दुल्से उठली आणि जाऊन बसली.

३

मी शिकवणारी बाई आहे. भुताखेतांचं मला सांगू नका, आधी तारा तपासा. मी मायक्रोफोन उपसून काढला, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, आपोआप चालणारे बाकीचे सगळे प्रोग्राम बंद केले. तरी बाण हललाच. मग सगळं पुन्हा जागेवर लावलं आणि त्या प्रोग्रामचं पोट वाचायला बसले. काही लपवलेलं नाही हेच तर त्याचं मोठेपण. ओळ न् ओळ उघडी. बाण कधी हलतो ते तिथे साफ लिहिलेलं आहे: यंत्रातून काही बाहेर गेलं की. बाकी तिथे काहीही नव्हतं.

एवढं उघडं असताना लपायला जागा कुठे आहे, हा प्रश्न मला छळायला लागला. मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळवलं. त्यांच्यातल्या एका भल्या माणसाने, कुठल्या देशातला तेही मला माहीत नाही, सगळं तपासून उत्तर दिलं. ‘बाण खोटं बोलत नाही, बाई. तुमच्या बाजूने कुणीतरी पाठवतंय. तिकडून कुणी उत्तर देत नाही, एवढंच.’

मला वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस, विसरतील लोक. कसलं काय. ज्या दुपारी गर्दी असेल त्या दुपारी कुणी ना कुणी म्हणायचंच, “मी त्या बाईच्या मागे.” आवाज म्हणे जरा घोगरा, पण सभ्य. मग तिचा नंबर आला की सगळे आवाज खाली आणायचे, खुर्ची मोकळी सोडायची, आणि वरचा बाण हलत राहायचा. आमचे लोक कशालाही सरावतात. वादळाला सरावले, वीज जाण्याला सरावले, हिलाही सरावले. दुल्से तर तिच्यासाठी कॉफीचा कप ठेवायला लागली.

“अगं, पण आहे कोण ही?” मी चिडून विचारलं.

“कुणाची तरी आई असेल,” दुल्से म्हणाली. “या गावात एवढी वाट दुसरं कोण बघतं? होडीने निघालेल्या किती पोरांचा फोन कधी आलाच नाही.”

मला तो आवाज कधी ऐकू आला नव्हता. माझा नंबर कधी तिच्या मागे लागला नव्हता.

४

एवेलिओला दम निघत नाही. एका दुपारी भावाचा वाढदिवस होता, वीज जायच्या बेतात होती आणि खुर्ची रिकामी. “हवेसाठी थांबायचं का आता?” म्हणाला आणि जाऊन बसला. दुल्सेने छातीवर क्रूस काढला. मी त्याला अडवलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

फोन लागला. चित्र आरशासारखं स्वच्छ. भाऊ केकच्या मागे बसलेला, डोक्यावर कागदी टोपी.

“अरे म्हाताऱ्या, शुभेच्छा,” एवेलिओ ओरडला.

भाऊ पुढे वाकला, हसला. “धन्यवाद हं बाई. एवेलिओ आहे का तिथे?”

“मीच आहे, गाढवा.”

“आवाज येतोय त्याचा. त्याला जरा पुढे यायला सांगता? तुम्ही मधे आहात, तो दिसत नाहीये.”

एवेलिओ उठला. मांडीवर तवा ठेवावा तसा उठला. बाहेर ओट्यावर जाऊन त्याने एक सिगारेट ओढली, मग दुसरी. परत आला तेव्हा हसत होता. “भावाला चष्मा लागलाय, कळवलं पाहिजे वहिनीला,” म्हणाला. पण त्यानंतर तो “शेवटचं कोण?” असं दोनदा विचारायला लागला, आणि दोन्ही वेळा उत्तर येईपर्यंत बसायचा नाही.

५

आणि अशात लेयानीसचं लग्न ठरलं.

माझी एकुलती एक पोर. मोंतेविदेओला गेली तेव्हा विमानतळाच्या काचेतून हात केला होता, तेवढाच. त्यानंतर मी तिला कधी हात लावलेला नाही. तिचे केस कापलेले, लांब झालेले, पुन्हा कापलेले, सगळं पडद्यावर पाहिलं. मुलगा तिथलाच, फाकुंदो, उंच, लाजाळू. चहासारखं काहीतरी कडू दिवसभर नळीने ओढत असतो, पण माणूस सोन्यासारखा. लग्न शुक्रवारी सकाळी, एका छोट्या हॉलमध्ये, न्यायाधीश तिथेच येणार. लेयानीस तिचा नवा फोन टेबलावर फुलदाणीला टेकवून ठेवणार आणि फाकुंदोच्या कचेरीच्या ऑनलाइन व्हिडिओ खोलीतून आम्ही बघणार. ती खोली अर्थातच क्युबाला बंद. म्हणजे माझा नकाशा आणि माझं हिरवं बटण.

“आई, तुझा चेहरा दिसल्याशिवाय मी ‘हो’ म्हणायची नाही,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? म्हणून टाक. तो पळून जाईल.”

“नाही म्हणणार. सांगून ठेवते.”

ती हसत होती, पण मी तिला ओळखते. हट्टात ती बापावर गेली आहे, आणि बाप हयात असता तर त्यानेही कबूल केलं असतं. त्या आठवड्यात आमच्या भागाची वीज दुपार व्हायच्या आत जात होती. म्हणजे लग्न लागणं आणि वीज जाणं यांच्या मधे जेमतेम वेळ. हुकला तर हुकला, लग्न पुन्हा थोडंच लागणार होतं.

शुक्रवारी सगळी गल्ली नटून आली. एवेलिओने निळ्या साखरेच्या फुलांचा केक आणला, वाटेत अंगठा बुडवून. दुल्सेने लिपस्टिक लावली होती, बरीचशी ओठांवर. त्या दिवशी कुणी नंबर लावला नाही. खुर्ची माझी, असं सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. मी आतल्या खोलीत हिरवा झगा चढवत होते. पाठीची चेन काही वर जाईना. ती ओढत ओढत, हसत, घाईघाईत बाहेर आले, आणि जन्माची सवय, दारात पाय ठेवल्याबरोबर तोंडातून गेलं,

“शेवटचं कोण?”

“मी.”

आवाज कॉम्प्युटरपाशी होता. घोगरा, सभ्य.

सगळ्यांनी ऐकलं. एवेलिओच्या हातातली सुरी केकवर तशीच राहिली. माझ्या पाठीवर चेन उघडी होती, आणि तेवढ्या उघड्या पाठीवर सरसरून काटा आला.

६

वरचा बाण हलत होता. खालचा शून्य.

“बस गं,” कुणीतरी पुटपुटलं. “आजच्या दिवस चालतं.”

“बसू नकोस,” एवेलिओ म्हणाला. तो कधी नव्हे ते विनोद न करता बोलला. “बसलीस तर पोरीला ती दिसेल. तू नाही दिसणार.”

मी खुर्चीमागे उभी राहिले. मोबाईल वाजला. लेयानीसचा निरोप: ‘न्यायाधीश आले. कुठे आहेस?’ मी लिहिलं, ‘येते.’ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पुन्हा निरोप: ‘आई?’

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझं घर, माझं यंत्र, बटणांवरचे शब्दसुद्धा माझे. एवढी वर्षं मी काचेतून पोर वाढताना पाहिली आणि आज ही कोण कुठली, माझ्या आणि तिच्या मधे. मी तोंड उघडलं चांगलं सुनवायला. तेव्हा माझी नजर त्या खालच्या बाणावर गेली. शून्य. रोजचंच शून्य, पण मी ते आईच्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. ती एवढे दिवस बोलत होती, आणि तिच्या पोराने एकदाही ‘काय गं’ म्हटलं नव्हतं.

“ताई,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “मी घुसत नाही. नंबर तुमचाच आहे. पण माझ्या पोरीचं लग्न लागतंय, आणि मी दिसल्याशिवाय ती ‘हो’ म्हणणार नाही. तुमचं चालू द्या. फक्त मला बसायला थोडी जागा द्याल का?”

पंखा घरघरत होता. मग लोखंडी खुर्ची किरकिरली, आणि तिच्यावरची उशी एका बाजूने हळूच वर आली. डावी बाजू तशीच दबलेली राहिली. उजवीकडे जागा झाली होती.

मी अर्ध्या खुर्चीवर बसले. लेयानीसने पाठवलेला पत्ता दाबला.

हॉल दिसला. उन्हाच्या पट्ट्यात माझी पोर, पिवळ्या झग्यात, केसांत पांढरी फुलं. ती इतकी सुंदर दिसत होती की मी भीती विसरले.

“आई,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग तिची नजर माझ्या बाजूला सरकली. “आणि या कोण?”

“शेजारीण आहे,” मी म्हणाले. “तू लग्न कर आधी.”

मग काय, गल्ली अंगावर कोसळली. पोरं खांद्यावरून, म्हाताऱ्या काखेतून, सगळे पडद्याकडे. न्यायाधीशांनी विचारलं, फाकुंदोने ‘हो’ म्हटलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही, त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. लेयानीसने माझ्याकडे बघितलं, नीट माझ्या डोळ्यांत, आणि म्हणाली, “हो.” आमच्याकडे जो कल्ला झाला तो बंदरापर्यंत गेला असेल. एवेलिओ दुल्सेला घेऊन नाचायला लागला. मी रडत होते, हसत होते, नाक झग्याला पुसत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं छोटं चित्र असतं. तोवर मी तिकडे बघणं टाळलं होतं. आता आनंदाच्या भरात बघितलं. मी होते, मागे सगळी गल्ली. माझ्या डाव्या खांद्याला एक खांदा चिकटलेला, जुन्या पद्धतीच्या, इस्त्री केलेल्या बाहीतला. तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते, मोकळे.

पुन्हा वर बघितलं, चेहऱ्यासाठी. तेवढ्यात वीज गेली.

७

लग्न लागलं होतं, मग विजेची कुणाला पर्वा. केक घेऊन सगळे उन्हात ओट्यावर आले. कुणी डबा बडवायला घेतला, कुणी गायला. एवेलिओ सांगत होता की फाकुंदोची हजामत इथे झाली असती तर तो माणसात आला असता. मी त्यांच्यात बसले होते, आणि माझ्या आत भीती किती आणि सुख किती ते मला सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरातला जुना तारेचा फोन वाजला. तो विजेशिवाय चालतो. पलीकडे लेयानीस, नवऱ्याच्या मोबाईलवरून.

“आई, तुमची वीज गेली का?”

“केव्हाच. ‘हो’ झालं आणि गेली. कसं साधलं बघ.”

ती म्हणाली, “पण आम्हाला तुझी खोली दिसतेय अजून. माझ्या फोनवर. तू उठून गेलीस. त्या बसल्यात.”

मी भिंतीला टेकले. “काय करतायत?”

“बोलतायत. इथे एक मुलगा आहे, आमच्याच वयाचा. मला वाटलं फाकुंदोकडचा पाहुणा, त्यांना वाटलं आपल्याकडचा, कारण बोलतो आपल्यासारखं, अगदी हिबाराचं. सगळे जेवायला गेले तेव्हा तो माझ्या फोनपुढे जाऊन बसला. तेव्हापासून दोघं बोलतायत. थांबतच नाहीत. तो सारखा डोळे पुसतोय आणि हसतोय.” तिने आवाज खाली आणला. “आई, त्याचे कपडे चिंब ओले आहेत. इथे कडक ऊन आहे.”

मी स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीच्या खोलीकडे बघितलं. खिडक्यांच्या पट्ट्या बंद, आत अंधार, पडदा काळा, यंत्राचा पंखा थांबलेला. ओट्यावरच्या गाण्याच्या मधल्या फटीत खोलीतून कुजबुज आली. बाईचा आवाज, घोगरा. मग ती हसली. तरण्या पोरीसारखी, गळा मोकळा सोडून हसली.

“हॉल बंद करायचाय म्हणतायत,” लेयानीस म्हणाली. “गाडी खाली उभी आहे. त्याच्याकडून फोन मागून घेऊ का?”

“नको. राहू दे त्याच्याकडे.”

“अगं आई, नवा फोन आहे. लग्नाचे सगळे फोटो त्यातच आहेत. दुसरे कुणी काढलेच नाहीत.”

“मी पाहिलंय तुझं लग्न,” मी म्हणाले. “राहू दे, बाळा. त्यांचं बोलणं होऊ दे.” आणि बैठकीच्या खोलीचं दार, आवाज न करता, ओढून घेतलं.